तपासणी पूर्ण होईपर्यंत बोलू नये

तपासनिसांना वेड लागलं, ही बातमी तिसऱ्या मजल्यावर फुटली तेव्हा लोकांचा सकाळचा चहा चालू होता, आणि ती तळमजल्यावर पोचली तेव्हाही तो चहा गरम होता. इमारतीची लिफ्ट इतक्या वेगानं कधी चालली नव्हती.

बातमीला आधार होता. बायको गेल्यापासून तपासनीस घरात एकटेच असत, आणि गेले तीन आठवडे रोज सकाळी बंद दाराआडून त्यांचा चढता आवाज येत होता. भाषा कुणाला कळत नव्हती, पण सूर सरळसरळ भांडणाचा होता. एकच शब्द शेपटी बदलून बदलून म्हणायचा, मग टेबलावर थाप मारायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

"बायकोशी भांडतायत," शेजारचे सर्वज्ञ भिंतीला कान लावून म्हणाले. "होतं असं. माझ्या एका मावसभावाचं झालं होतं."

सर्वज्ञ हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर पुस्तकं कपाटात लावता लावता त्यांनी प्रत्येकाची पाठ वाचली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयाचं त्यांना नावापुरतं ज्ञान होतं. त्यांनी तळमजल्यावरच्या औषधवाल्यांना बरोबर घेतलं, औषधवाल्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं, आणि दोघांनी घंटी वाजवली.

दार तपासनिसांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा, हातात फूटपट्टी.

"काय हो, बरं आहे ना सगळं?" सर्वज्ञांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"बरं कसलं? विभक्तीच्या पुढं जाता येत नाहीये."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. औषधवाले यंत्र खिशात ठेवत म्हणाले, "त्यावर आपल्याकडे काही नाही."

आत टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं. तपासनीस सुनेची भाषा शिकत होते. सून सातासमुद्रापलीकडची. तिची भाषा मुलाला येत होती, कारण त्याला लग्न करायचं होतं. ती नातीला येत होती, कारण तिला दुसरी येतच नव्हती. ती येत नव्हती ती तपासनिसांना आणि त्यांच्या बायकोला. पण यातल्या बायकोचं त्यावाचून कधी काही अडलं नव्हतं, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येई. पाच मिनिटं तब्येतीची चौकशी झाली की नात तिकडे टॅब ओढून घेई आणि बायको इकडे. नात बाहुली दाखवे. बायको म्हणे, "अगं बाई! हिला आंघोळ घातली का?" नात आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगे. "हो का? मग ही काय म्हणाली?" नात आणखी लांब सांगे. "अस्सं! आणि तू ऐकून घेतलंस?" असं तासभर चाले. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नसे आणि दोघींचं बोलणं संपत नसे. तपासनीस शेजारी वर्तमानपत्र धरून बसलेले असत. पडद्यावर त्यांचं एक कोपर तेवढं येई. नातीच्या लेखी आजोबा म्हणजे ते कोपर.

"तुला काय कळतं त्यातलं?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"कळायचंय काय? ती बोलते, मी बोलते."

तपासनिसांना ही व्यवस्था अतिशय धोकादायक वाटत असे. पण चालली होती खरी.

मग बायको गेली. त्यानंतरच्या रविवारी पडद्यावर कोपराच्या जागी अख्खे आजोबा आले. नात त्यांच्याकडे बघत राहिली, मग त्यांच्या मागे बघत राहिली, मग निघून गेली. पुढच्या रविवारी ती लवकर गेली. त्याच्या पुढच्या रविवारी मुलालाच तिला उचलून आणावं लागलं.

"बाबा, बोला ना काहीतरी तिच्याशी. आई बोलायची तसं."

"आईसारखं मला कसं जमेल? तिला मीठ चिमटीनं कळायचं. मला चमचा लागतो."

मुलानं मागे वळून नातीच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती यायला नाही म्हणते, बाबा. म्हणते, त्या घरात आता कुणी नसतं."

तपासनीस तेव्हा त्या घरातच होते. चांगले खुर्चीवर बसलेले होते. सरकारी नोकरीत त्यांचे अनेक अपमान झाले, एका मंत्र्यानं तर त्यांना लिफ्टमन समजून मजला सांगितला होता; पण तुम्ही अस्तित्वातच नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे उगाच पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन ते जाडजूड पुस्तक आणलं. एवढ्या मोठ्या घरात आपण असतो, हे एका पाच वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत पटवून द्यायचं होतं. नाहीतर एक दिवस तो रविवारचा कॉलही तब्येतीच्या चौकशीपुरता उरला असता.

इथवर कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं तेच त्यांनी केलं. घोटाळा पुढे आहे.

तपासनिसांचं सगळं आयुष्य सरकारच्या वतीनं लिफ्ट तपासण्यात गेलं होतं. लिफ्टच्या तपासणीत एकच मोठा नियम असतो: तपासणी पूर्ण होईपर्यंत लिफ्ट चालू करायची नाही. दोर तपासला, ब्रेक तपासला, दारं तपासली आणि एक कुलूप राहिलं, तर सील निघत नाही. मग खाली आमदार उभे असोत की सावकार. "बहुतेक सुरक्षित लिफ्ट अशी वस्तू नसते," ते नव्या लोकांना सांगत. "बहुतेक मजले नीट गेलेला माणूस तुम्हाला शेवटच्या मजल्याविषयी काही सांगू शकत नाही." या नियमापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, बदल्या भोगल्या, पण त्यांनी उघडलेल्या लिफ्टमध्ये कुणाच्या नखाला धक्का लागला नाही.

तोच नियम त्यांनी भाषेला लावला. व्याकरण पुरतं तपासून झाल्याशिवाय नातीशी एक शब्द बोलायचा नाही. परक्या भाषेतला नाहीच, पण आपल्याही भाषेतला नाही. मुलाशी बोलायचं तेही ती पडद्यासमोर नसताना. लिफ्टच्या एका पेटीत दोन भाषांचा भार नको. आणि मुलानं तिला यातलं काही सांगायचं नाही. तयार झालं की एकदम बोलायचं, स्वच्छ, बिनचूक, पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत.

"बाबा, इतकं काही लागत नाही हो," मुलगा म्हणाला.

"तू लिफ्टच्या बाहेर उभा आहेस. आत ती बसणार आहे."

मुलानं हात टेकले. त्या दिवसापासून तपासनीस दर रविवारी पडद्याच्या बरोबर मधोमध बसू लागले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, ओठ मिटलेले आणि त्यावर पासपोर्टच्या फोटोत असतं तेवढंच हसू. तोंडात मिठाची गुळणी धरावी तसे. नात यायची, या नव्या प्रकाराकडे बघायची आणि जायची.

ही सगळी हकिगत ऐकून सर्वज्ञ खुर्चीत ऐसपैस बसले. त्यांना बरं वाटलं. शेजाऱ्याला वेड लागलेलं असलं की सल्ला देता येत नाही. शिकतोय म्हटलं की देता येतो.

"भाषाच चुकीची निवडलीत, तपासनीस."

"मी सून निवडली नाही, तर भाषा कुठून निवडू?"

"तसं नव्हे. काही भाषा मुळातच सोप्या असतात. त्यांना लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. काल जातो, आज जातो, उद्या जातो, एकच शब्द."

"मग त्या भाषेतल्या लोकांना फार फावत असेल."

"फावतं कुठलं? लिहायला बसले की हजारो अक्षरं. अर्धं आयुष्य त्यात जातं. अहो, भाषेत फुकट काही मिळत नाही. एकीकडे सूट दिली की दुसरीकडे वसूल करतात."

"मी सांगतो," औषधवाले पुढे सरसावले. "व्याकरण सोडा. शब्द धरा. माझ्या दुकानात दहा देशांचे प्रवासी येतात. प्रत्येकाच्या भाषेतले बारा शब्द मला येतात. गोळी, पोट, मलम, गुडघा, सकाळ, रात्र. झाला धंदा."

"आणि कधी घोटाळा होत नाही?"

औषधवाले जरा घुटमळले. "एकदा झाला. एकाचं पोट बिघडलं होतं आणि गुडघाही सुजला होता. मी त्याला गोळी दिली, मलम दिलं आणि चारही शब्द नीट सांगितले. दोन दिवसांनी आला. खुणा करून म्हणाला, गोळी कुटून गुडघ्याला चोळतोय, पण पडून जाते, त्यावर पट्टी बांधू का?"

"आणि मलम?"

"ते मी विचारलं नाही," औषधवाले म्हणाले. "तो उभा होता, बोलत होता. आपण खोलात कशाला जा?"

तपासनिसांनी टेबलावर फूटपट्टी आपटली. "पाहिलंत? शब्द चारही बरोबर. कुठला शब्द कुठल्या शब्दाला लागायचा, ते सांगायला मध्ये कुणी नाही. गोळी जाणार गुडघ्याला. दोर मजबूत आहे, पेटी मजबूत आहे, आणि दोर पेटीला बांधलेलाच नाही!"

त्या दिवशी औषधवाल्यांच्या गोष्टीनं व्याकरणाची बाजू जिंकली. पण जिंकल्यावर नुसत्या पुस्तकावर भागेना, म्हणून तपासनिसांनी क्लास लावायचं ठरवलं.

परकीय भाषांची ती संस्था चपलांच्या दुकानावर होती. जिना दुकानातूनच जायचा, त्यामुळे विद्यार्थी वर पोचेपर्यंत त्याला दोनदा मापाचं विचारलं जाई. वर खिडकी होती. खिडकीत एक माणूस होता.

"कारण?" त्यानं अर्जावर बोट ठेवून विचारलं.

"नातीशी बोलायचंय."

"तसं कारण नाही इथे. नोकरी, उच्च शिक्षण, स्थलांतर. तिन्हीतलं एक सांगा."

"पण मला यातलं एकही..."

"काका, मागे रांग आहे. नोकरी करणार?"

"या वयात?"

"शिक्षण?"

"नाही."

"म्हणजे राहिलं काय ते तुम्हीच बघा." त्यानं स्थलांतरावर खूण केली आणि शिक्का मारला.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तपासनीस गप्प बसले. ती खूण फार महागात पडली. संस्थेनं नियमाप्रमाणे स्थलांतरितांची नावं पुढे कळवली. पंधरा दिवसांत त्यांना छातीचा फोटो काढून आणायचं बोलावणं आलं. मग पोलीस चौकीतून एक शिपाई चारित्र्याची चौकशी करायला आला आणि त्यानं ती जिन्यातच सर्वज्ञांकडे केली. सर्वज्ञांनी तपासनिसांचं चारित्र्य तासभर सांगितलं. शिपाई गेल्यावर इमारतभर झालं की तपासनीस कायमचे परदेशी चालले. दुसऱ्या दिवशी घर विकायचं आहे का विचारायला दोन दलाल आले. एकानं येताना गिऱ्हाईकच आणलं होतं. त्या बाईंनी स्वयंपाकघरात उभं राहून, ही भिंत पाडावी लागेल, असं मत दिलं. ती भिंत तपासनिसांच्या बायकोनं भांडून बांधून घेतली होती. तपासनीस इतकंच म्हणाले, "ती भिंत राहू द्या," आणि मग लक्षात येऊन, "आणि मलाही."

सर्वज्ञांनी पुस्तकांच्या मांडणीकडे बघत, नेणार की ठेवणार, असं सहज विचारून ठेवलं.

तपासनीस तडक खिडकीवर गेले. "ती स्थलांतराची खूण काढा."

"काढता येते," माणूस म्हणाला. "कारण बदलायचा अर्ज द्या. मात्र जी भाषा शिकताय त्याच भाषेत द्यायचा. किमान मध्यम पातळीच्या."

"मध्यम पातळी कधी येते?"

"बहुतेकांना स्थलांतर केल्यावर."

क्लासच्या मॅडम मात्र भल्या होत्या. वर्गात बाकी सगळे तिशीच्या आतले, नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या घाईतले. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला नाव सांगायला लावलं. तपासनिसांनी नम्रपणे नकार दिला आणि सगळे नियम एकदम मिळतील का, असं विचारलं.

नियम मिळू लागले, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ अपवाद मिळू लागले. तपासनिसांना हे सहन होईना. अपवाद असलेला ब्रेक त्यांनी कधी पास केला नव्हता. एके दिवशी तर हद्द झाली. त्या भाषेत म्हणे निर्जीव वस्तूंनाही लिंग होतं.

"हा काय पोरखेळ!" ते उभे राहिले. "चमचा पुरुष आणि खिडकी बाई? हे ठरवलं कुणी? माणसानं लक्षात ठेवायचं कसं? मॅडम, म्हणून ही भाषा अवघड. आपलं कसं सरळ असतं."

"आपल्यात नाही का, काका?" मॅडमनी विचारलं.

"आपल्यात? छे!"

मॅडम नुसत्या हसल्या. तपासनीस तावातावानं घरी आले, चपला काढल्या, आणि दारातच थबकले. समोर पलंग होता. तो पलंग. शेजारी खुर्ची. ती खुर्ची. कोपऱ्यात कपाट. ते कपाट. तो पंखा, ती उशी, ते घड्याळ. ते खोल्याखोल्यांतून फिरले. एकही वस्तू सुटली नाही. तो दिवा, पण ती पणती, आणि ते निरांजन. एकाच उजेडाचे तीन प्रकार. साठ-पासष्ट वर्षं ते या बाया-बाप्यांच्या गर्दीत राहत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

ते पलंगावर बसले. शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' घोकलं होतं, छडीही खाल्ली होती. पण शाळेत गेले तेव्हा त्यांना बोलता येतच होतं. मग खुर्ची 'ती' आहे, हे सांगितलं कुणी? आठवेना. आईनं सांगितलं असणार. कधीतरी 'तो खुर्ची' म्हणालो असू, ती हसली असेल, 'ती' म्हणाली असेल, आणि आपण तसं म्हटलं असेल. तपासणी कुणी केली नव्हती. लिफ्ट पहिल्या दिवसापासून चालूच होती, आणि कितीदा अडकली असेल याची नोंद नव्हती.

हा विचार त्यांना पटला नाही, म्हणजे पटला, पण आवडला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि अपवादांचा पुढचा धडा काढला. माणूस तीस-पस्तीस वर्षं एका नियमानं जगला की तो नियम बाजूला ठेवायला जागा लागते, आणि ती घरात सहसा नसते.

महिने गेले. नातीशी बोलायचा मुहूर्त दर रविवारी पुढच्या रविवारवर जाई. सगळं तयार वाटलं की शनिवारी एखादा नवा अपवाद निघे. मुलगा म्हणाला, सुट्टीत इकडेच या ना. ते म्हणाले, "तिथे येऊन समोरासमोर गप्प बसू? इथे निदान मध्ये काच आहे."

मॅडमनी एकदा वर्ग सुटल्यावर त्यांना थांबवलं. "काका, तुमचे पेपर वर्गात सगळ्यांत चांगले असतात. पण तुम्ही अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही."

"अजून अपवाद राहिलेत."

"अपवाद संपत नसतात."

"मग ते लोक बोलतात कसे?"

"चुकत," मॅडम म्हणाल्या.

तपासनीस त्या दिवशी जिना उतरताना चपलांच्या दुकानात बराच वेळ बसून राहिले. दुकानदारानं चार जोड काढून दाखवले, तेव्हा ते उठले.

त्याच रविवारी ते झालं. नात पडद्यासमोर आली, पण आजोबांकडे न बघता बाहुलीला मांडीवर घेऊन तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. आणि तपासनिसांना ते कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या भाषेतलं अख्खं वाक्य, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत, एकही पुस्तक न उघडता त्यांना कळलं. त्यांना इतका आनंद झाला की अर्थ पोचायला क्षणभर उशीर झाला.

नात बाहुलीला सांगत होती, "हळू बोल. आजोबांना बोलता येत नाही."

"बाबा, मी सांगणारच होतो," मुलगा मागून घाईघाईनं म्हणाला. "तिच्या वर्गात एक न बोलणारा मुलगा आहे. त्याच्याशी सगळी मुलं चित्रांच्या पत्त्यांनी बोलतात. हिनं तिच्या बाईंना सांगितलं, माझे आजोबाही तसेच आहेत. त्यांनी तुमच्यासाठी एक संच दिलाय. मी पाठवलाय. येईल या आठवड्यात. आता तरी सांगू का तिला?"

तपासनिसांच्या जिभेवर उत्तर होतं. दोन शब्दांच्या शेपट्यांबद्दल तेवढी शंका होती. ते मनात एक शेपटी लावून बघेपर्यंत नात उठून गेली होती.

पत्ते आले. गुळगुळीत, रंगीत, कोपरे गोल केलेले. पाणी, जेवण, झोप, चेंडू, बाहुली, कुत्रा, हो, नाही, दुखतंय, शौचाला जायचंय. एका निवृत्त राजपत्रित अधिकाऱ्यानं शौचाचा पत्ता हातात धरून पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवला. राग यायला हवा होता. पण त्या पोरीनं आजोबांसाठी वर्गात उभं राहून काहीतरी मागितलं होतं. कुणी नसलेल्या घरासाठी असं कुणी मागत नाही.

रविवारी दोघं आपापले गठ्ठे घेऊन बसले. नातीनं जेवणाचा पत्ता धरला. तपासनिसांनी 'हो' धरला. नात उड्या मारू लागली. तिनं कुत्रा धरला. त्यांनी 'नाही' धरला. तिनं चेंडू धरला; त्यांनीही चेंडू धरला. याचा अर्थ काय झाला कुणास ठाऊक, पण ती खळखळून हसली. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे बघून हसत होतं. आणि गंमत म्हणजे या पत्त्यांत चूक होतच नव्हती. शेपट्या नाहीत, अपवाद नाहीत. तपासनिसांना वाटलं, उगाच शिकलो.

मग त्यांना तिला काहीतरी विचारावंसं वाटलं. मोठं काही नाही. तुझी बाहुली रात्री नीट झोपली का, एवढंच. त्यांनी बाहुलीचा पत्ता धरला. मग झोपेचा धरला.

नातीनं दोन्ही पत्ते नीट पाहिले. तिचा चेहरा गंभीर झाला. तिनं बाहुली उचलून छातीशी धरली, हात हलवला आणि आतल्या खोलीकडे ओरडून सांगितलं, "आजोबांना झोप आली." आणि अत्यंत समजूतदारपणे कॉल बंद केला.

तपासनीस काळ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. हातात बाहुली आणि झोप. दोन्ही शब्द बरोबर, आणि गोळी गुडघ्याला.

त्यांनी आजवर स्वतः होऊन मुलाला कॉल लावला नव्हता. फोन करायचं खातं बायकोकडे होतं. बटण सापडायला वेळ लागला. तिकडे घंटी वाजत राहिली. मुलगा उचलेल, मग त्याला सांगू, असं ते मनाशी म्हणत होते, तोच पडद्यावर नातीचं नाक आलं, मग डोळे आले.

"नाही!" तपासनीस ओरडले. तिच्या भाषेत ओरडले. "झोप मी नको! बाहुली... तो... झोपला का रात्र?"

एवढ्या छोट्या वाक्यात त्यांनी दोन लिंगं चुकवली, एक विभक्ती सोडली आणि क्रियापद भलतीकडे नेऊन ठेवलं. त्यांना एकेक चूक पडताना ऐकू आली. ते डोळे मिटून धडाका व्हायची वाट बघत बसले.

धडाका झाला नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अगदी बारीक आवाज आला.

"ती."

त्यांनी डोळे उघडले.

"तो नाही," नात म्हणाली. "बाहुली ती असते."

"ती," तपासनीस म्हणाले. "ती झोपला?"

"झोपली."

"झोपली?"

"नाही झोपली. तिला ताप आहे." एवढं सांगून ती पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा एक डोळा आणि अर्धा गाल तेवढा दिसू लागला. तिनं आवाज खाली आणला. "आजीनं परत दिला का?"

"काय?"

"तुमचा आवाज. आजी जाताना घेऊन गेली होती ना."

प्रत्येक शब्द त्यांना कळला. कुणी नेला, काय नेलं, कुणाचं नेलं, सगळं जागच्या जागी होतं. शंकेला कुठे फट नव्हती. तपासनिसांनी कधी न तपासलेल्या कागदावर सही केली नव्हती. ही गोष्ट तपासायला ते कुठेही जाऊ शकत नव्हते.

"हो," ते म्हणाले. "आजीनं मला आवाज परत दिला."

"असं नाही म्हणत," नात म्हणाली, आणि शब्दाची चुकलेली शेपटी काढून तिनं दुसरी लावून दाखवली. "सगळं म्हणा."

त्यांनी सगळं म्हटलं. या खेपेला शेपट्या सगळ्या बरोबर होत्या, पण वाक्य 'आजीनं'पाशीच अडकलं. तो व्याकरणाचा दोष नव्हता. नातीला ते कळण्याचं कारण नव्हतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हटलं. तिसऱ्या खेपेला ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नीट आलं. नातीनं मान डोलावली, बाहुलीला समोर धरलं, आणि हिला ताप कशानं आला ते सुरुवातीपासून सांगायला बसली.